टाचेची की नडगीची?

लिफ्टमधून ती चुकीच्या मजल्यावर उतरली आणि तितक्याच थाटात चुकीच्या दारातून आत शिरली. एका काखेत कुबडी, दुसऱ्या काखेत एक्स-रेचं पाकीट. आतला चष्मेवाला फ्रीजरचं तापमान वहीत टिपत होता.

"एक्स-रे वरच्या मजल्यावर," तो म्हणाला. "इथे दान केलेल्या कंडरा ठेवतो आम्ही, स्नायू हाडाला बांधणारे दोर."

ती सरळ खुर्चीत बसली. "मग बरोबर आलेय. त्यातलीच एक माझ्या गुडघ्यात बसणार आहे."

शाळेत व्हॉलीबॉल शिकवायची ती. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, तेव्हा तिच्याच मांडीमागची कंडरा तिथे बसवली होती. वर्षभरात तीही तुटली. आता दात्याची घ्यायची. टाचेची की नडगीची, दोन्ही चालतील, विचार करून सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. विचार करून करून डोक्याचा पार भुगा झाला होता. या वेळी चुकलं तर उडी कायमची गेली, आणि उडीशिवाय जगायचं कसं, हेच तिला कळत नव्हतं.

त्याने कागदावर दोन चित्रं काढली. "टाचेच्या कंडरेला एका टोकाला हाडाचा तुकडा असतो. हाड हाडाला लवकर धरतं. नडगीची बसवायला सोपी, पण तिला हाड नसतं, म्हणून रुजायला सावकाश."

"तुम्ही कोणती घ्याल?"

"ते डॉक्टरांनाच विचारा. मी सांगायचं नसतं."

"बरं, समजा... तुमच्या बहिणीचा गुडघा असता तर?"

पेन्सिल थांबली. कान लाल झाले. "बहिणीचं नको... दुसरं कुठलंही उदाहरण द्या."

ती मान खाली घालून कुबडीचं रबर तपासत बसली. कितीतरी दिवसांनी तिला इतकं छान वाटत होतं.

डॉक्टरांशी बोलून तिने टाचेची घेतली. ऑपरेशननंतर रोज जेवणाच्या सुट्टीत त्याची स्वारी तिच्या व्यायामाच्या खोलीत हजर. "कंडरेची चौकशी करायला आलोय—तुमची नाही."

"कंडरा मजेत आहे. उड्या मारू म्हणतेय."

"दुखत नाही म्हणजे रुजली असं नाही. थांबा."

कुणाचं न ऐकणारी ती, त्याचं मात्र ऐकत राहिली.

वर्षाने डॉक्टरांनी परवानगी दिली. रिकाम्या मैदानात तो जाळीपाशी चेंडू घेऊन उभा होता, तिच्याहून जास्त घाबरलेला. तिने गुडघ्यावर हात ठेवला, ज्याची कंडरा होती त्याचे मनातल्या मनात आभार मानले... आणि उडी मारली. पाय टेकले. गुडघा हूं की चूं न करता उभा राहिला.

"आता सांगा," ती धापा टाकत म्हणाली. "बायकोचा गुडघा असता तर?"

"टाचेची," तो म्हणाला. "आणि... वर्षभर वाट पाहिली असती."

"पाहिलीत की," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला.