धावपट्टी एकच

लोक तिला हवाईसुंदरी म्हणत. पण विमान अर्धा तास आकाशात घिरट्या घालत राहिलं आणि प्रवाशांच्या शिव्या पोटभर खाऊन झाल्या, की कसली डोंबलाची सुंदरी!

विमानतळ दोघांचा – लष्कराचा आणि प्रवाशांचा. धावपट्टी मात्र एकच, आणि थांबायचं ते नेहमी प्रवाशांनी. उतरल्या उतरल्या ती तणतणत कॅन्टीनमध्ये शिरली. दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसता येईल असं तिथं तेवढंच एक छप्पर होतं.

"या लष्करवाल्यांना आकाश काय आंदण दिलंय?" ती चहाच्या रांगेत म्हणाली.

पुढचा माणूस वळला. कोपरापर्यंत ग्रीस, डोळे हसरे.

"आंदण नाही हो. जाळी अडकली होती."

"कसली जाळी?"

"धावपट्टीच्या टोकाला असते. लढाऊ विमानाचे ब्रेक गेले, तर झेलायला. तुमचं विमान यायच्या आधी खाली पाडावी लागते... आज पडेना."

"आणि हे काम कुणा शहाण्याकडे आहे?"

"या शहाण्याकडेच!"

ती हसली. इतकी वर्षं तिच्या तोंडावर 'तांत्रिक कारण' फेकून सगळे मोकळे व्हायचे. हा पहिला माणूस, ज्यानं सरळ सांगितलं – चूक माझी.

मग त्या मार्गावर ड्यूटी लागली की ती चहाला जायचीच. तो दिवसभर जाळीपाशी बसून अपघाताची वाट बघायचा, आणि अपघात होऊ नये म्हणून जिवाचं रान करायचा. "असल्या नोकरीला मुलगी कोण देणार?" तो म्हणायचा. "मागून तर बघ," ती म्हणायची – आणि तो लगेच बिस्किटांची चौकशी करायला उठायचा. वाऱ्यानं तिची बट उडाली की हात अर्ध्यावर यायचा... आणि खिशात जायचा.

एके दिवशी ती म्हणाली, "मला मोठ्या विमानांवर घेतलंय. परदेशी मार्ग. आठवड्यानं जायचंय."

तो चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिला. "छान झालं. अभिनंदन."

"बस? एवढंच?"

"मी कोण तुला अडवणारा?"

ती भडकली. "अडव म्हटलं का मी? मोठेपणा मिरवू नकोस. न अडवणारे पुरुष मला गल्लोगल्ली भेटतात. भित्रा आहेस तू. मी 'नाही' म्हणेन म्हणून तोंड शिवून बसलायस, आणि वर त्यागाचं सोंग!"

शेजारच्या टेबलावरची जेवणं थांबली. तिला पर्वा नव्हती. बाहेर एक लढाऊ विमान गर्जत चढलं, काचा थरथरल्या. तो आता उठून जाणार, असं तिला वाटलं.

तो उठला नाही.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "स्वार्थी आहे मी. तुझं विमान नसलं की दिवस जात नाही... जाऊ नकोस."

तिनं डोळे पुसले. त्याचा ग्रीसचा हात सगळ्यांदेखत हातात घेतला.

"जाणार तर आहेच," ती म्हणाली. "पण आता सुट्टीत यायला घर झालं."