एकाच दिशेचं तिकीट

गेले काही आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा पृथ्वीनेच जास्त जागा अडवली होती. म्हणजे पृथ्वीगोलाने. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा तो भंगारात निघाला होता, मी मागून घेतला. त्यावरचे दोन-तीन देश आता जगात उरलेले नाहीत. बायको म्हणते, "तुम्हाला शोभतो."

जगाला फेरी मारून आणणारं तिकीट आम्ही काढणार होतो. त्याचा नियम साधा आहे. पूर्वेकडून निघा नाहीतर पश्चिमेकडून, पण एकदा निघालात की त्याच दिशेने पुढे जात राहायचं आणि फिरून घरी यायचं. मागे वळायचं नाही. गावांचा क्रम आधी ठरवून द्यायचा, तारखा मात्र मोकळ्या. एखाद्या गावी मन रमलं तर राहा, नाही रमलं तर पुढे जा.

"माणसाला आणखी काय हवं!" बायको म्हणाली. तिच्या गुडघ्याने यंदा होकार दिला होता, पुढच्या वर्षीचं तो काही सांगत नव्हता. जावं ही तिची किती वर्षांची इच्छा. मी जग वाचलं होतं, तिला ते बघायचं होतं.

तारखा मोकळ्या असल्यामुळे खोल्या राखून ठेवता येत नव्हत्या. म्हणून मी दुसरीच युक्ती काढली. प्रत्येक गावातलं एखादं लहानसं अतिथिगृह शोधायचं, फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत? अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मला घाम फुटतो. वाक्यं कागदावर लिहून, ती दोनदा पुटपुटून मग मी नंबर फिरवत असे. बायको स्वयंपाकघरातून ऐके आणि हसे. "अहो, पायऱ्या विचारताय की मुलीला मागणी घालताय?"

पहिलं गाव बंदराचं होतं. फोन एका बाईने उचलला. माझा प्रश्न ऐकून ती खळखळून हसली.

"पुन्हा तोच प्रश्न? अहो, खालचीच खोली दिली होती की तुम्हाला, लिंबाच्या झाडासमोरची. बाईंचा गुडघा कसा आहे आता?"

मी म्हटलं, तुमची गल्लत होते आहे, आम्ही अजून आलोच नाही. ती म्हणाली, "बरं, बरं," आणि पायऱ्या तीन आहेत असं सांगून तिने फोन ठेवला. गुडघा दुखणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. शिवाय परक्या भाषेत माझाच गोंधळ झाला असेल. गोंधळ झाला की तो माझ्याकडूनच झाला असणार, ही माझी जुनी खात्री आहे.

दुसरं गाव डोंगरातलं. तिथला म्हातारा म्हणाला, "तुमच्या बाईंनी आमच्या घड्याळाला नावं ठेवली होती. म्हणाल्या, हे आमच्या ह्यांच्यासारखं आहे, चालतं पण पोचत नाही."

हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या बायकोचं असू शकत नव्हतं.

दुपारी बायको झोपल्यावर मी तिसऱ्या गावी फोन लावला. एक तरुण आवाज होता, शांत, जरा संकोचलेला.

"तुम्ही एकटेच आला होतात ना? वरची खोली जास्त चांगली होती, पण तुम्ही खालचीच मागितली. मी विचारलं, चढायला त्रास होतो का? तुम्ही म्हणालात, नाही, सवय आहे."

पृथ्वीगोलावर दुपारचं ऊन पडलं होतं. समुद्राचा रंग एका बाजूने उडालेला आहे, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी ते तिसरं गाव गाळलं. त्याच्या जागी दुसरं घेतलं, तिथे फोन केला. तिथेही मी एकटाच येऊन गेलो होतो. बाकावर बसून असायचो म्हणे, मांडीवर बाईमाणसाची शाल घेऊन.

रात्री जेवताना मी हळूच म्हटलं, "नकोच जायला आपण."

तिने घास खाली ठेवला. "का?"

"उगाच दगदग."

"दगदग तुम्हाला फोनची होते. मी करते उद्यापासून."

"नको, नको. मी करतो."

दुसऱ्या दिवशी, जायचं नाही असं मनाशी पक्कं करून मी पुन्हा बंदरावरच्या बाईला फोन लावला. आवाज तोच, हसू तेच. पण आम्ही तिच्याकडे कधी आलोच नव्हतो. असं कोणतंच जोडपं आलं नव्हतं. मी बेत बदलला की त्यांची आठवण बदलत होती. एवढंच. आम्ही दोघं घरी सुखरूप आहोत, की दोघांतलं एक आहे, की कुणीच नाही, हे एखाद्या परक्या बाईला कसं माहीत असणार?

मग तिकीटवालीकडे गेलो. मुलगी हुशार आहे, मला काका म्हणते आणि माझा मार्ग मी किती वेळा बदलला ते कधी बोलून दाखवत नाही. मी विचारलं, हीच गावं उलट्या बाजूने घेतली तर?

"घेऊ की. पश्चिमेकडून. पण काका, पहिलं विमान उडेपर्यंतच हं. त्यानंतर तारखा हव्या तेवढ्या बदला, दिशा नाही."

आता बंदराचं गाव शेवटचं झालं. पहिल्या गावांत आम्ही दोघं येऊन गेलो होतो, आनंदात होतो, बायकोने कुणाच्या तरी कुत्र्याला नावं ठेवली होती. मी एकेक फोन करत बंदरापर्यंत पोचलो.

"बाई एकट्याच आल्या होत्या," ती म्हणाली. या वेळी हसली नाही. "पायऱ्या किती ते त्यांनी स्वतःच विचारलं. जाताना खणात एक चष्मा राहिला त्यांचा. म्हणजे पुरुषाचा आहे. डाव्या काडीला निळा दोरा गुंडाळलाय. पाठवून देऊ?"

मी म्हटलं, "आपण मागे बोललो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात—"

"आपण आजच पहिल्यांदा बोलतोय," ती म्हणाली.

मी चष्मा काढून पाहिला. दोन्ही काड्या धडधाकट होत्या. दोरा नव्हता.

आमच्या वयाच्या जोडप्याला एक गोष्ट माहीत असते आणि ती दोघंही बोलत नाहीत. एकाला कधीतरी एकट्याने पायऱ्या उतरायच्या असतात. कुणाला, हे ठरवणं कुणाच्या हाती नसतं. माझ्या हाती ते आलं होतं, आणि आयुष्यात साधी भाजी कोणती आणायची तेही मला धड ठरवता आलेलं नाही.

तरी ठरवलं. त्यात मोठेपणा नव्हता. मांडीवर शाल घेऊन बाकावर बसलेला तो माणूस मला व्हायचं नव्हतं, एवढंच कदाचित खरं असेल. ती माणसांत बसेल, हसेल, कुत्र्यांना नावं ठेवील. मला ते जमणार नाही. याला त्याग म्हणावं की पळ काढणं, हे मला अजून कळलेलं नाही.

"पश्चिमेकडून का?" तिने विचारलं.

"पूर्वेकडून सगळेच जातात."

"अगबाई! तुम्हीसुद्धा कधी सगळ्यांच्या उलट जाता?"

त्या आठवड्यात मी तिला तारीख कशी बदलायची ते शिकवलं. कुठे फोन करायचा, काय सांगायचं. तिने आधी टाळलं, मग ऐकलं.

"पण मला कशाला हे? तुम्ही काय मध्येच उतरणार आहात?"

"असावं माहीत."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

निघायच्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी होती. बॅगा खाली गेल्या होत्या. मी तिकिटं शेवटची पाहून घ्यावीत म्हणून चष्मा नाकावर चढवला, आणि काडी बिजागरीपाशी मोडून हातात आली.

"आणा इकडे," ती म्हणाली. "आता कुठलं दुकान उघडं असणार?"

तिने पर्समधून सुईदोऱ्याची डबी काढली, खिडकीपाशी गेली आणि उजेडात काडी धरून एकेक वेढा घट्ट ओढत बसली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

"आलो हो!" ती ओरडली. मग गाठ मारून, दोरा दाताने तोडून तिने चष्मा स्वतःच माझ्या नाकावर ठेवला आणि जरा मागे सरून बघितलं.

"काळा दोरा संपलाय," ती म्हणाली. "निळा चालेल ना?"