सीलसाठी आणलेला बर्फ

"गोपाळ, पळ लवकर! बर्फ वितळायलाय!" अपेक्षा ओरडली.

"मग तू धर की पिशवी! माझी बोटं गारठायलीत!"

सुगत दोघांच्या पुढं धावत होता. सेलूच्या मीनाबाजारात सील आला होता आणि मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. थंड समुद्रातला तो जीव इथं जगणार कसा? त्याला वाचवायचंच, असं तिघांनी सकाळीच ठरवलं होतं.

तंबूत शिरतात तर काय! काळाकुळकुळीत सील पुढच्या परांवर छाती उचलून थप थप चालत होता. लोक टाळ्या पिटत होते.

"हा चालतोय कसा?" अपेक्षा पुटपुटली. "सील जमिनीवर पोटानं सरपटतो. चालतो तो समुद्रसिंह!"

"मग असंल समुद्रसिंह," गोपाळ म्हणाला.

"त्याला बाहेर दिसणारे कान असतात, भुईमुगाच्या शेंगेएवढे. सीलला नुसती भोकं. याला कान कुठं हायेत?"

"म्हणजे डोकं सीलचं आन् चाल समुद्रसिंहाची!" सुगतचे डोळे चमकले. "लबाडी हाय ही!"

तो कठड्याखालून आत घुसला. सीलच्या पाठीवर त्याला चेन सापडली. ती त्यानं सर्रकन ओढली!

आतून एक बाई निघाली. पन्नाशीची, घामानं निथळणारी, केस कपाळाला चिकटलेले. तंबूत हशा पिकला. मीनाबाजाराला जागा देणारे दिनकरराव पुढं आले. "शाब्बास रे पोरांनो! लय हुशार! हा तंबू आजच बंद!"

तंबूचा मालक योगीराज उलट त्या बाईवरच खेकसला, "कडूबाई, उद्यापासून येऊ नका!"

गाठोडं घेऊन स्टँडकडं निघताना कडूबाई अपेक्षापाशी थांबली. "पोरी, सील कसा चालतो म्हणलीस? मालकानं मला असंच शिकवलं व्हतं गं."

कडूबाई पदरानं तोंड पुसत निघून गेली.

"आपण प्राण्यासाठी बर्फ आणला," सुगत हळूच म्हणाला, "आन् या मावशीला साधं पाणीबी इचारलं न्हाई."

"अरे, बर्फ! मावशीला देऊ, चला!" गोपाळ दचकला.

तिघं स्टँडकडं पळत सुटले. पोचले तेव्हा सोनपेठची एसटी फाटकाबाहेर पडत होती. "मावशी! ओ मावशी!" कडूबाईला ऐकू गेलं नाही. खिडकीशी बसून ती पदरानं वारा घेत होती.

मागं मीनाबाजाराच्या भोंग्यावरून दिनकरराव त्या तिघांची नावं कौतुकानं पुकारत होते. अपेक्षानं कान झाकून घेतले. गोपाळच्या पिशवीत अजून मूठभर बर्फ शिल्लक होता.