टाकी रिकामी, दिवा मात्र भरल्याचा

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी सुटलो असतो.

गुरुवार, दुपारचे बारा. चार मजली इमारत, गच्चीवर सिमेंटची टाकी.

टाकीत तीन सळ्या लोंबतात. पाणी आखूड सळीला टेकलं की पंप बंद, टाकी रिकामी झाली की आपोआप चालू. हे बसवणं माझं काम. टाकी धुताना सळ्या बाहेर काढून पाण्याच्या बादलीत सोडायच्या, म्हणजे पंपाला टाकी भरलेली वाटते आणि तो लागत नाही.

दोन महिन्यांपूर्वी धुणारा आत उतरला आणि ओरडला, "बादली लावली का रे?"

"लावली, लावली!"

नव्हती लावली. कंटाळा, दुसरं काय! चहा पिऊन आलो तर टाकी भरलेली. वाटलं, काम उरकून गेला. आत न डोकावताच झाकण लावलं.

तो तळाशी होता...

तीन दिवस सगळी इमारत ते पाणी प्यायली. दुसऱ्या मजल्यावरची माझी ताईसुद्धा. लोक म्हणाले, पाय घसरला असेल. मीही मान डोलावली.

त्या गुरुवारी ताईचा फोन आला. "अरे, नळाला थेंब नाही. पंपच लागत नाही."

वर गेलो. 'टाकी भरली'चा दिवा लागलेला.

झाकण उघडलं... तळ कोरडा.

तिन्ही सळ्यांना मिळून एक ओला, पांढरट गोळा चिकटला होता. बुळबुळीत. त्यात केस. वास कुजल्याचा.

फडक्याने ओरबाडून काढला. दिवा विझला, पंप लागला.

अर्ध्या मिनिटात पंप बंद.

पुन्हा पाहिलं... पुन्हा गोळा. या वेळी त्यावर चार बोटांचे वळ. कुणीतरी तिन्ही सळ्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.

आणि आतून आवाज आला...

"बादली लावली का रे?"

माझ्या तोंडातून तेच निघालं.

"लावली."

मूठ सुटली. पंप लागला.

खाली आलो तर ताईने ग्लास पुढे केला. "किती घामाघूम झालास! घे, आत्ताच नळाला आलंय."

पाण्यावर तवंग होता. तिला तो दिसत नव्हता.

नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

मी प्यायलो. सगळा ग्लास.

जीभ अजून बुळबुळीत लागते.