नदीकाठचं हळदीकुंकू

पेपरात फोटो आला आणि तिथून सगळं सुरू झालं. मुंढव्याच्या पलीकडे, नदीला लागून, आयटीवाल्यांची नवी वसाहत झाली होती. तिथली झाडं अशी काही फुलली होती की फांदीवर पान म्हणून नाही, नुसता गुलाबी ढग. खाली छापलं होतं, 'पुण्यातलं जपान'.

शकूने पेपर घेतला आणि तडक शेजारच्या हेमाचं दार वाजवलं.

"चल. हे बघून येऊ."

"चेरी ब्लॉसम म्हणे," हेमा फोटो बघून हसली. "मला आपली बुटाच्या पॉलिशची डबीच आठवली."

शनिवार पेठेतल्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणे येणार हे पाहुण्यांच्या आधी शकूला कळायचं. भोचक होतीच ती, पण मायाळू. कुणी आजारी पडलं की पहिली पेज शकूची. हेमाशी तर तिचं सख्ख्या बहिणीसारखं होतं. हेमाला मूलबाळ नव्हतं. नवरा अनिरुद्ध आयटी कंपन्यांना गाड्या पुरवायचा, पोरांना घरून न्यायच्या, घरी सोडायच्या. कंपन्या रात्रभर चालायच्या, म्हणून गाड्या रात्रभर, म्हणून निम्मा आठवडा तोही बाहेर. शकूला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. एरवी दुधात पाणी किती हे सांगणारी बाई, पण सख्ख्या शेजारच्या माणसावर संशय कोण घेतो?

"ह्यांना कितीदा म्हटलं, तिकडचा भाग एकदा दाखवा," हेमा म्हणाली. "ह्यांचं एकच, तिकडे काय आहे, धूळ आहे."

"धूळ तर धूळ. उद्या जाऊ. आणि हे बघ, दुपारची झोप उद्या बंद!"

झोपेचं मात्र खरं होतं. गेली दोन-तीन वर्षं हेमा जेवून आडवी झाली की मेल्यासारखी झोपायची. दार बडवा, हाका मारा, काही नाही. त्याच दुपारी शकू ताक द्यायला गेली, तर खिडकीतून दिसली. लिंबू रंगाची साडी, पदराला सकाळीच लावलेलं ठिगळ, भिंतीकडे तोंड. शकूने भांडं कठड्यावर ठेवलं आणि परत आली.

पाडवा होऊन थोडेच दिवस झाले होते. बसमधून उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वसाहतीच्या दर्शनी रस्त्यावर पोरापोरींची गर्दी, ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा. शकूने एक फूल उचलून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"कसलं जपान आणि कसलं काय. ही उंदीरमारी आहे. माझ्या माहेरी कोकणात कुंपणाला लावतात. हिच्या सालीने उंदीर मरतात."

"छान दिसतंय ना पण? झालं तर मग."

दोघी नदीच्या बाजूला वळल्या. तिथे गर्दी नव्हती. बंगलीवजा घरं, बंद फाटकं, कुठे कुत्रं नाही की कामवाली नाही. जो तो कंपनीत गेलेला. पाकळ्यांचा थर एवढा, की चपलांचा आवाजच होईना. नदीवर जलपर्णी माजलेली, आणि तिच्याखालून तो आपला ओळखीचा वास. दुपारी सावली पायाखाली येते म्हणतात, तशी आली होती. पण झाडांना पानं नसल्यामुळे खाली सगळीकडे एक गुलाबीसर उजेड होता, सावलीही नाही आणि ऊनही नाही असा. हेमाची पावलं मंदावली होती.

"काय गं?"

"काही नाही. इथे आल्यासारखं वाटतंय कधीतरी."

"पेपरात बघितलंस की काल."

पुढे रस्ता फुटत होता तिथे हेमा न विचारता डावीकडे वळली.

शेवटच्या घराच्या फाटकात एक तिशीची बाई उभी होती. हिरवी साडी, हातभर बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"ताई, दोन मिनिटं येता का हो? चैत्रगौर बसवली आहे. इथे सवाष्णी मिळत नाहीत. सगळ्या नोकरीवर. जी घरी असते तिला मराठी येत नाही. सकाळपासून डाळ वाटून वाट बघत बसली आहे मी."

बोलण्यावरून वऱ्हाडातली वाटली. परक्याच्या घरात डोकवायची संधी शकू सोडणार होय? हेमाला दंडाला धरून ती आत शिरलीसुद्धा.

आत थंडगार होतं. सुरेख आरास मांडली होती. पितळी झोपाळ्यावर गौर, समोर कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्हं. सगळ्या घरभर वाळ्याचा वास. बाई आनंदून गेली होती. नाव कल्याणी म्हणाली, माहेर यवतमाळचं. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण इथे बोलायला माणूस नाही. तिने शकूला आधी पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटीत ओले हरभरे घातले. तेवढ्यात शकूची नजर फिरून आली.

"आणि ते वेगळं मांडलंय ते कोण?"

गौरीच्या शेजारी एक छोटा पाट होता. त्यावर चांदीचा टाक, म्हणजे बाईची आकृती उमटवलेला हाताच्या पंजाएवढा पत्रा. त्याला ताजं हळदीकुंकू, पुढे हिरव्या बांगड्या आणि डाळीची वाटी.

"त्या माझ्या मोठ्या," कल्याणी म्हणाली. "ह्यांची पहिली. सवाष्ण गेल्या. आमच्याकडे दुसरी आली की ती पहिलीचा टाक करते. नवी साडी आधी त्यांच्या अंगाला लावायची, मग आपण नेसायची. पहिला घास त्यांचा. नाहीतर जीव घुटमळतो न."

"कशाने गेल्या?"

"तापाने. ह्यांना फार लागलंय ते. नाव निघालं तरी उठून जातात." तिने पदर सावरला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही हसाल ताई. पण त्या येतात."

"येतात म्हणजे?"

"ह्याच वेळेला. दुपारी. आधी नुसतं वाटायचं. मग गावाकडच्या जाणत्या तुळजाबाईंनी सांगितलं तसा रीतीने टाक बसवला, पहिल्या दिवशी हाक मारून जेवायला बोलावलं. तेव्हापासून रोज. झाडांना फुलं आली की तर नक्कीच. पानं नसतात, वाट उघडी असते. तिथे झोपाळ्यापाशी बसतात, डावा पाय उजव्यावर टाकून. बोलत नाहीत. जेवतात आणि जातात."

शकूने ओटी घट्ट धरली. पण असल्या गोष्टी अर्ध्यावर सोडवतात होय कुणाला?

"भीती नाही वाटत?"

"कशाची? गरीब आहेत हो. कालचीच गोष्ट. लिंबू रंगाचं नेसल्या होत्या. पदराला ठिगळ लावलेलं. मला इतकं वाईट वाटलं... म्हटलं, अक्षय्य तृतीयेला ह्यांना नवं घ्यायला सांगते त्यांच्यासाठी."

शकूच्या ओटीतले हरभरे फरशीवर सांडले.

तिने हेमाकडे बघितलं. हेमाचं इकडे लक्षच नव्हतं. हातात पन्ह्याचा पेला तिरका धरून ती भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. मुंडावळ्या बांधलेली कल्याणी, आणि तिच्या शेजारी मिशा काळ्या केलेला, पोट आत ओढून धरलेला अनिरुद्ध.

पन्हं थेंब थेंब गळत होतं.

"काय नाव होतं तुमच्या मोठ्यांचं?" हेमाने वळून न बघता विचारलं.

"हेमा."

"मी हेमा. शनिवार पेठेत राहते. हा माझा नवरा. बावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. आणि मी..."

वाक्य तिथेच राहिलं.

शकूला वाटलं, आता ही पोर किंचाळेल, रडेल, नाही नाही म्हणेल. कल्याणीने तसलं काही केलं नाही. हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली, पदर खांद्यावरून घेतला आणि हेमाच्या पायांवर डोकं टेकवलं.

"आज दारातून आलात," ती म्हणाली. "म्हणून ओळखलं नाही मी. रागावू नका."

"अगं बाई, ऊठ... काय करतेस..."

"ह्यांनी सांगितलं होतं मला, त्यांच्यासमोर काही बोलायचं नाही. आपण गेलोय हे त्यांना अजून कळलेलं नाही. घाबरतील." कल्याणीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. "म्हणून तर हे तुमच्याकडे येऊन राहतात न. तुमच्या हातचं जेवतात. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. मी कधी अडवलं नाही, ताई. देवाशपथ नाही."

घरात काहीही हलत नव्हतं. फक्त गौरीचा झोपाळा बारीक कुरकुरत होता.

हेमा हळूच शकूकडे वळली. "शकू. तू सांग हिला."

सांगायचं होतं ते किती सोपं होतं! अगं, ही जिवंत बाई आहे, माझ्याबरोबर बसने आली आहे, तुझ्या नवऱ्याने तुला फसवलंय आणि हिलाही. शकूने आयुष्यात बोलायची संधी सोडली नव्हती. तिने तोंड उघडलं.

"अहो, ह्या... ह्या..."

जीभ टाळूला चिकटली. हेमा बघत राहिली. शेवटी शकूने तिचा हात धरला, गरम होता, नाडी उडत होती, आणि तिला ओढत फाटकाबाहेर आणलं. मागून कल्याणी म्हणत होती, "डाळ तरी घेऊन जा हो. रोज संपवता..."

रिक्षात हेमा बाहेर तोंड करून बसली होती. शकूने स्वतःची समजूत घातली, घाबरले म्हणून शब्द सुचले नाहीत. साडीचं काय, तर अनिरुद्धनेच सांगितलं असेल. पण अनिरुद्ध परवापासून घरी नव्हता, आणि ठिगळ कालच्या सकाळचं होतं. हा हिशोब ती बंडगार्डनपासून शनिवारवाड्यापर्यंत मांडत होती आणि तो काही जुळत नव्हता.

दिवेलागणीला अनिरुद्ध आला. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. शकूने गॅस बारीक केला आणि कान लावला. त्या दिवशी तिला त्याची लाज वाटली नाही.

आधी त्याने कानावर हात ठेवले. कोण कल्याणी? मग आवाज चढवला. मग एकदम उतरला. मग सगळं बाहेर आलं.

"घटस्फोट मागायची हिंमत नव्हती, हेमा. तिच्या घरचे विचारायला लागले. मेली म्हणणं सोपं वाटलं गं. एक शब्द तर होता."

"आणि टाक?"

"तो तिने केला. मी नको म्हणालो होतो. मग तिला तू दिसायला लागलीस. मी काय सांगणार होतो? म्हणालो, तिला कळलेलं नाही... तेवढ्यापुरतं म्हणालो. पण नंतर इथे जेवायला बसलो की मलाही..."

"तुम्हालाही काय?"

तो रडत होता. म्हणाला, तिला सोडतो, ती जागा विकतो, तुझ्या पाया पडतो.

"काही नको," हेमाचा आवाज शांत होता. "एक वाक्य म्हणा फक्त. मेली म्हणालात, आता हेमा काय आहे, ते म्हणा. टाकाला जे बांधलं गेलंय ते तेवढ्याने सुटेल. तुमच्या तोंडून झालंय, तुमच्याच तोंडून मिटू द्या."

"एवढंच ना? हेमा..."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

"हेमा..." तो खाकरला. भांड्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. तो पाणी प्यायला. "हेमा..."

शकूला ते ऐकवेना. ती उठून बाहेर आली, तर हेमा आधीच दारात उभी होती. चोरून ऐकल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. खाली रस्त्यावर भेळेची गाडी लागली होती, कुणीतरी तिखट जास्त घाल म्हणत होतं, स्कूटर जात होत्या. सगळं जिथल्या तिथे होतं.

"दुपारी तू का नाही बोललीस गं?" हेमाने विचारलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"घाबरले गं मी. आता म्हणते. हे बघ, आत्ता म्हणते."

शकूने हेमाचे दोन्ही हात हातात घेतले. ते ऊबदार होते, कणकेचा वास येत होता त्यांना. समोर उभी असलेली बाई, श्वास घेणारी, डोळ्यांत पाणी असलेली. आणि दोन शब्दांचं काम. तिने घसा साफ केला.

"हेमा..."

पुढे घशात कापूस कोंबल्यासारखं झालं. हेमा वाट बघत होती. शकूने पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा.

हेमानेच शेवटी तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला.

"राहू दे. उगाच घसा दुखवू नकोस," ती म्हणाली. "रिक्षात वाटभर मीही तेच म्हणून बघत होते, शकू. मलाही येत नाही गं."

आत अनिरुद्ध पुन्हा खाकरला.