तिसरा पुकारा

हे घडलंय. मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि माझ्या मामानं सोसलंय. देवावर हात ठेवून सांगते, यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

भुताचा विषय निघाला की लोक आधी रात्र विचारतात. रात्र नव्हती हो. मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती.

कोर्टाच्या मोठ्या जिन्याखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. सोळा वर्षं झाली. पायऱ्या माझ्या डोक्यावरून जातात, त्यामुळे वर कोण चढतंय ते मी मान न उचलता सांगते. खाडखाड बूट म्हणजे वकील. पाय ओढत उतरणारा म्हणजे पुढची तारीख मिळालेला.

वर दुसऱ्या मजल्यावर मामा शिपाई होता. काम पुकाऱ्याचं. आतून कारकून हळूच नाव सांगणार, आणि दारात उभा राहून मामा ते मोठ्यानं घेणार. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही ओ आली नाही, तर काम त्या माणसाला सोडून पुढे जातं.

मामाचा आवाज काय सांगू! फाटकाबाहेरचा चहावाला ओरडायचा, "मामा, जरा दमानं! माझं दूध नासतंय!" सगळं कोर्ट त्याला भोंगा म्हणायचं. त्यालाही आवडायचं ते.

वरचा व्हरांडा लांबलचक, उंच छताचा. मामानं नाव टाकलं की व्हरांडा ते परत द्यायचा. प्रत्येक नाव. बावीस वर्षं.

एक नाव सोडून.

ते नाव मी लिहीत नाही. तिच्यासारखीचं नाव लिहायचं नसतं, आणि माझ्याच्यानं लिहवतही नाही.

ती घरोघर जाऊन तान्ह्या मुलांची वजनं घ्यायची. खांद्याला काटा आणि झोळी. तिच्या रोजच्या रस्त्यावरचा एक ठेकेदार तिच्या मागे लागला होता. रोज वाट अडवायचा. शेवटी तिनं पोलिसांत तक्रार दिली. आठवडाही गेला नाही, आणि एका संध्याकाळी भर बाजारात कुणीतरी ओरडलं, की ही पोरं पळवणारी आहे.

पुढचं मी सांगत नाही. शंभरेक माणसं होती. तिच्या अंगावर धड कापड राहिलं नाही. एक चप्पल रस्त्यात पडली, ती मुद्देमालात जमा झाली. दुसरी तिच्या पायात राहिली.

ती वाचली. उभी राहून तिनं ठेकेदारासकट अकरा जणांची नावं दिली. चार वर्षं तारखांना आली. मग आतल्या दुखण्यानं गेली.

खटला मात्र चालूच होता. आणि बोर्डावर तिचं नावही.

कारण मेल्याचा कागद लागल्याशिवाय कोर्टात माणूस मरत नाही. कारकून प्रत्येक तारखेला तिच्या आईला म्हणायचा, "आजी, मयताचा दाखला आणा. नाव काढून टाकतो."

"विसरले रे बाबा. पुढच्या वेळी नक्की."

दाखला त्यांच्या पिशवीतच असायचा. मी पाहिला होता. तारीख झाली की त्या माझ्या टेबलापाशी चहाला बसायच्या. एकदा विचारलं मी, "आजी, देऊन का नाही टाकत?"

त्यांनी पिशवी पोटाशी धरली.

"दिला की नाव काढतील गं. आता कोण घेतं तिचं नाव? गल्लीत 'त्या प्रकरणातली' म्हणतात. इथं तुझा मामा कसा खणखणीत घेतो! तीन तीनदा!"

मग चहाचा कप तसाच धरून म्हणाल्या, "शिक्षेचं देव बघेल. पण एकानं तरी म्हणावं, मी तिथं होतो. एकानं. बस."

साक्षीदार त्रेचाळीस होते. सगळे फिरले. त्यांची प्रतिज्ञापत्रं माझ्याच टेबलावर झाली. ठेकेदाराच्या वकिलाचा माणूस एकच मजकूर घेऊन यायचा. 'गर्दी फार होती. मला काही दिसले नाही.' मी वरचं नाव तेवढं बदलायचे.

माझं काम टाइप करायचं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्रेचाळिसावा फिरला, त्याच्या पुढच्या तारखेचा हा मंगळवार.

मामानं तिचं नाव घेतलं. एकदा.

मी मान वर केली. काहीतरी कमी होतं...

दुसऱ्यांदा.

आवाज परत आला नाही. व्हरांड्यानं तो गिळला. खोल विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

तिसऱ्यांदा.

आणि माझ्या डोक्यावरच्या पायरीवर...

फट.

मग काही नाही.

फट.

मग काही नाही.

एका पायात चप्पल असली आणि दुसरा अनवाणी असला, की जिना असा वाजतो. मी धावत बाहेर येऊन वर पाहिलं. माणसं चढत होती, उतरत होती, पण प्रत्येकाच्या पायात दोन्ही होत्या.

पहिल्या वळणापर्यंत तो आवाज गेला. तिथं थांबला.

घरी येताना मामानं माझा हात धरला. लहान असताना रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे, तसा.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मी मुद्दाम मशीन बंद ठेवून बसले.

पहिला पुकारा...

दुसरा...

तिसरा...

फट. थांबून. फट. या वेळी वळणावर थांबला नाही. वर गेला. व्हरांड्यात गेला. मामाच्या दाराकडे.

आणि मग बाईचा आवाज. दमलेला. स्पष्ट.

"हजर."

आजी आतल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही. दारातल्या पोलिसानंही नाही. ऐकलं मामानं, आणि खाली मी. मामाची टोपी जिन्यावरून गडगडत माझ्या पायापर्यंत आली.

त्या संध्याकाळी मामी म्हणाली, "काय हो, भोंगा आज बंद? भांडायचंय का माझ्याशी, नुसतं बघताय ते?"

मामा हसला नाही. त्यानं मला गच्चीवर नेलं.

"ती मला का ओ देते, ठाऊक आहे तुला?"

"मामा, दमलायस तू. आमचे बुवा निरूपणात गाऊन सांगतात ना, मनापासून नाव घेतलं की नावाचा धनी धावत येतो. तू इतकी वर्षं घेतोयस तिचं नाव..."

"मनापासून!" तो म्हणाला. "अगं, मी त्या दिवशी बाजारात होतो."

मी त्याच्याकडे वळले.

"कोर्ट सुटलं होतं. अंगावर गणवेश तसाच. ठेकेदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कानाशी हळूच म्हणाला, 'पोरं पळवणारी बाई.' आणि मी..."

त्यानं गच्चीचं दार लोटून घेतलं.

"सवय गं! शेजारून कुणी हळूच सांगायचं आणि मी मोठ्यानं घ्यायचं. कळायच्या आत तोंडातून गेलं. तीनदा. साऱ्या बाजारानं ऐकलं. तो नुसता बोलला असता, तर पलीकडच्या दुकानातही गेलं नसतं. तो मला ओळखत होता. माझा आवाज ओळखत होता."

"मग नंतर का नाही..."

"नंतर?" तो म्हणाला. "नंतर ती म्हातारी मला भाऊ म्हणायला लागली. तुमच्यासारखं नाव कुणी घेत नाही म्हणाली. कुठल्या तोंडानं सांगू?"

त्याला निवृत्त व्हायला सहा महिने होते. बोलला असता तर नोकरी गेलीच असती, आणि ठेकेदाराच्या माणसांची घरं आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी हे सगळं बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

मामा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "उद्या माझं टाइप करशील? चव्वेचाळिसावं?"

मी केलं. पहिल्याच ओळीत लिहिलं, 'मी तेथे होतो.'

निकालाचा दिवस. मी टेबल सोडून वर गेले आणि व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभी राहिले. ठेकेदार इस्त्रीच्या शर्टात, पोलिसांशी हसत बोलत होता. आजी बाकावर. पिशवी पोटाशी.

मामानं पुकारा केला. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून नाव घेतलं.

फट...

माझ्या समोरून गेलं ते. दिसलं काहीच नाही. औषधाचा वास आला, दवाखान्यातला. मामाच्या जवळून ते आत गेलं. आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याची सैल फळी, जी कुणी उभं राहिलं की करकरते...

ती करकरली.

पिंजरा रिकामा होता.

न्यायाधीश साहेबांनीही वर पाहिलं. मग फायलीत डोकं घातलं.

मामानं टोपी काढली. दार सोडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो कामाच्या वेळी उंबरा ओलांडून आत गेला, आणि त्या पिंजऱ्यात जरा कडेला उभा राहिला. शेजारी कुणी उभं असल्यासारखी जागा ठेवून.

"साहेब, मी तिथं होतो."

त्यानं ठेकेदाराकडे बोट दाखवलं.

"पहिला आवाज माझा. सांगणारा हा. ओरडणारा मी."

साहेब म्हणाले, "पुरावा केव्हाच संपलाय. तुम्ही शिपाई ना? बाहेर उभे राहा."

"लिहून तरी घ्या, साहेब. हा कागद..."

"बाहेर."

साहेब सांगतील तेवढंच कोर्टाची टायपिस्ट लिहिते. तिची बोटं हवेत थांबलेली मी पाहिली. एक अक्षर उमटलं नाही. ठेकेदार मागे वळून म्हणाला, "अरे, मामांना कुणीतरी चहा पाजा. ऊन लागलंय." त्याची माणसं हसली.

निकाल चार मिनिटांत वाचून झाला. पुरावा नाही. अकराही निर्दोष.

मला वाटलं आजी रडतील, शाप देतील. त्या उठल्या. पिशवीतून घडी घातलेला दाखला काढला आणि कारकुनापुढे ठेवला.

"काढा आता नाव."

मग मामासमोर आल्या. मामानं हात जोडले. त्यांनी ते हात धरले नाहीत की झिडकारले नाहीत. पिशवीतून तिच्या पायात राहिलेली ती एक चप्पल काढली, त्याच्या पायाशी ठेवली आणि निघाल्या.

मी खाली येऊन टेबलाशी बसले. आजींची पावलं माझ्या डोक्यावरून उतरली. दोन्ही पायांत चपला. सावकाश. एकट्या.

दुसरं कुणी उतरलं नाही.

मी सहा वाजेपर्यंत वाट पाहिली. फट... असं काही जिन्यावरून खाली आलंच नाही.

त्या दिवसापासून मामाचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात घशात काही दोष नाही. तो आता घरी असतो. कुजबुजतो फक्त, आणि मामीला ऐकायला जवळ जावं लागतं. चप्पल त्यानं देवापाशी ठेवलीय. तो कागद माझ्या खणात आहे. मी तीन ठिकाणी नेला. कुणी घेतला नाही.

आता दुसरा शिपाई पुकारा करतो. बारीक आवाजाचा. खाली ऐकूही येत नाही.

आणि मागच्याच्या मागच्या मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी...

वरून पुकारा आला. खणखणीत. मामाचा आवाज. मी मामीला फोन लावला. ती म्हणाली, "हे काय, माझ्यासमोर बसलेत. शेंगा सोलतायत."

नाव तिचं नव्हतं.

माझं होतं.

व्हरांड्यानं ते परत दिलं नाही.

मागच्या मंगळवारी पुन्हा. दुसऱ्यांदा. आणि त्यानंतर डोक्यावरच्या पायरीवर फट... मग काही नाही... मग फट... या वेळी आवाज खाली उतरत होता. शेवटच्या पायरीवर थांबला. माझ्या टेबलापासून चार हातांवर.

मी रोज देवाचं नाव घेते. आता घेताना जीभ अडखळते.

ते त्रेचाळीस कागद मी टाइप केले. एकच मजकूर होता. तो कुणी आणला ते मला माहीत आहे. तो खोटा आहे हे वाचतानाच मला कळलं होतं. हे मी आजवर कुणापुढे बोलले नव्हते. आज इथं लिहिलं.

हे पुरेसं आहे का, मला ठाऊक नाही.

दोन पुकारे झालेत. उद्या मंगळवार आहे.