डाव्या गालावरची हिरवी माती

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला आरशापासून सुटका नसते. दिवसभर तो गिऱ्हाइकासमोर धरायचा, आणि गिऱ्हाईक फ्रेम बघायच्या निमित्ताने आधी तिच्याच तोंडाकडे बघणार. त्यात हिच्या तोंडावर पिंपल्सचा बाजार भरलेला. हनुवटीवरचा एक बसला की गालावर दोन उठायचे. वहिनी म्हणायची, "अगं, वयच आहे, जातील आपोआप." वय चाललं होतं, पिंपल्स मात्र मुक्काम ठोकून होते.

तर अशा एका रिकाम्या दुपारी तो दुकानात आला आणि त्याने चष्मा काउंटरवर ठेवला.

"दांडी मिटत नाहीये."

तिने चष्मा दिव्याखाली धरला. बिजागरीत हिरवट काहीतरी घट्ट बसलं होतं. सुईने टोकरलं तर भुगा पडला.

"माती? कुंभार आहात का?"

"नाही. लोकांच्या तोंडाला माती फासतो."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. वर पाहिलं तर तो चष्म्याशिवाय डोळे बारीक करून, काउंटरवरून पार पुढे वाकून बघत होता... तिच्या गालाकडे.

"काय बघताय हो?"

"गाल."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण कामच तसं आहे." तो गडबडून मागे सरकला. "मागच्या गल्लीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. चेहऱ्याला लावायचे मातीचे लेप करतो. पिंपल्स येणाऱ्या त्वचेसाठी नवे लेप करतोय, आणि ते लावून बघायला चेहरे मिळत नाहीयेत. तुमचा चेहरा अगदी... हवा तसा आहे."

आजवर तिच्या चेहऱ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. आणि बोललं ते नेमकं पिंपल्स बघून! रागवावं की लाजावं, ते तिला ठरवता येईना. म्हणून तिने चष्मा चांगला लख्ख पुसला, स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर बसवला आणि विचारलं, "कधी येऊ?"

वर्कशॉप म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका बाजूला मातीचे डबे, दुसऱ्या बाजूला बेसिन, मध्ये दोन खुर्च्या आणि मान वळवता येणारा एक दिवा. मालकीणबाई कोपऱ्यात डब्यांवर लेबलं चिकटवत बसायच्या. त्यांची चाचणीची पद्धत ठरलेली होती : एका गालाला एक माती, दुसऱ्याला दुसरी. म्हणजे माणूस तोच, खाणंपिणं तेच, झोप तीच. फरक पडला तर तो मातीमुळेच.

गुलाबी मातीने तिला चुरचुरलं. करड्या मातीने गाल असा ओढला गेला की हसताना तोंड पुरतं उघडेना. "बरंच आहे," तो म्हणाला, "तेवढीच शांतता." त्यावर तिने तसल्याच तोंडाने त्याला वेडावून दाखवलं. शेवटी उजव्या गालाला बाईंची जुनी पांढरी माती आणि डाव्या गालाला त्याची हिरवी, असं ठरलं. हिरवं मिश्रण त्याचं स्वतःचं होतं, अगदी पहिलंवहिलं. ते चाललं तर बाई त्याला नव्या लेपांचं सगळं काम सोपवणार होत्या. नाही चाललं तर पुन्हा डबे भरणं आणि लेबलं चिकटवणं.

"एकच लक्षात ठेवा," तो ब्रश भिजवत म्हणाला. "कडा सुकायला लागल्या आणि मधे अजून ओल आहे, तेव्हाच धुवायचा. तडे जाईपर्यंत ठेवलात तर माती त्वचेतलं पाणीसुद्धा ओढून घेते. मग लाली, आग, आणि वर पुन्हा पुरळ."

"बरं."

"बोलू नका, लेप हलतो."

"मी कुठे बोलतेय?"

"डोळ्यांनी बोलताय."

"मग डोळ्यांनाही फासा माती!"

तो हसला. दोन बोटांनी त्याने तिची हनुवटी हलकेच वळवली. बोटं गार होती, ओली होती, आणि... आणि तिला एकदम दुकानातल्या बिलांची, उन्हाची, कशाचीही आठवण काढावीशी वाटली, म्हणजे चेहरा लाल होणार नाही.

दर शनिवारी तो स्वतः लेप लावायचा. मधल्या बुधवारी तिने घरी लावायचा, त्यासाठी दोन छोट्या डब्या दिल्या होत्या. आणि खरंच गुण येऊ लागला. पांढऱ्या बाजूला सावकाश, हिरव्या बाजूला भराभर. गिऱ्हाइकं आता मुकाट्याने फ्रेम बघायला लागली. वहिनीच्या नजरेतून मात्र काही सुटलं नाही.

"शनिवार आला की केस धुतेस गं तू हल्ली."

"लेप लागतो ना वहिनी केसांना."

"लेप लावल्यावर धुवायचे असतात. तू आधी धुतेस."

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग गिटारवाली आली.

गिटारवाली म्हणजे पाठीला गिटार लावून कुठल्याशा संगीत शाळेत शिकवायला जाणारी एक मुलगी. मोठ्याने हसणारी, धडाधड बोलणारी. तिच्या कपाळावर तर पिंपल्सची नुसती रांग होती. पहिल्याच दिवशी तिने खुर्चीत बसताना फर्मान काढलं, "ए, मला अहो-जाहो नको हं. तू म्हण सरळ." आणि हा शहाणा लगेच म्हणाला, "बरं, तू म्हणतो!"

इतके आठवडे डावा गाल त्याच्या हाती दिलेल्या मुलीला अजून 'तुम्ही', आणि कालच्या कपाळाला 'तू'! चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडाला लेप लागलेला, बोलायची सोय नाही.

त्यानंतर दर शनिवारी तेच. आधी चष्मेवालीची पाळी. तो यायचा, दिवा वळवायचा, एक नजर टाकायचा. "छान. बरं होतंय हं!" की झाला पुढे. मग गिटारवालीपाशी मात्र स्टूल ओढून बसायचा. दिवा जवळ घ्यायचा, भिंग काढायचा. "अरे, हा नवीन दिसतोय... हा कधी आला?" इतक्या कौतुकाने तर दादा-वहिनीने आपल्या बाळाचा पहिला दातसुद्धा पाहिला नसेल.

चष्मेवाली बेसिनपाशी तोंड धुताना आरशातून ते बघायची आणि मनातल्या मनात चरफडायची. आपला चेहरा दिवसेंदिवस नितळ होतोय आणि तिचं कपाळ दिवसेंदिवस त्याच्या जवळ जातंय! दुसरीच्या पिंपल्सवर जळणारी जगात आपण एकटीच असू, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग? पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

"काय मग, चष्मेवाली," एकदा गिटारवाली जिना उतरताना म्हणाली, "तू तर सुटलीस. अजून थोडे दिवस, की तुझं काम संपलं."

काम संपलं म्हणजे शनिवार संपले.

त्या बुधवारी तिने आरशासमोर बसून दोन्ही गालांना लेप लावला. कडा सुकायला लागल्या. उजवा गाल तिने धुतला. डाव्या गालाकडे हात गेला... आणि थांबला. शनिवारी तो डाव्या बाजूला येतो. तो गाल त्याचा. तोच जरा बिघडला तर?

हिरवा लेप फिका पडत गेला. गाल ताणला, खाजला, चुरचुरला. ती दात ओठ खाऊन बसून राहिली.

"अगं, धू की तो!" वहिनी दारातून ओरडली. "तडे गेलेत बघ."

"राहू दे."

"कोणावरचा राग काढतेयस त्या गालावर?"



शनिवारी गाल लालभडक. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने स्टूल ओढलं. दिवा जवळ घेतला, भिंग काढलं. त्याचा श्वास तिच्या कानाजवळ यायला लागला.

"दुखतंय?"

"खूप," ती म्हणाली. तसं फारसं दुखत नव्हतं, पण इतक्या दिवसांनी विचारलं होतं, तर थोडकं कशाला सांगा?

"असं व्हायला नको होतं..." तो पुटपुटला. बाजूला गिटारवाली ताटकळत होती. चष्मेवालीने तिच्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं, जशी काही स्पर्धाच जिंकली होती.

मग पुढच्या बुधवारीही तेच. आणि त्याच्या पुढच्याही. डाव्या गालावर लालीसोबत बारीक पुरळ उठलं आणि शनिवारचा सगळा वेळ तिच्या वाट्याला आला. तो मात्र हसेनासा झाला होता. मिश्रणाचं प्रमाण पुन्हा पुन्हा बदलत होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला ते दिसत होतं. पण जिंकलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी दिसूनही दिसत नाहीत.

एका शनिवारी बाई लेबलं ठेवून उठल्या. त्यांनी भिंगातून तिचे दोन्ही गाल निरखले. उजवा नितळ, डावा लाल.

"हिरवं बंद," बाई म्हणाल्या. "एकाच तोंडावर माझी माती चालते आणि तुझी जाळते, तर दोष कशाचा ते उघड आहे. सोमवारपासून डबे भरायला बस."

"पण बाई..."

"पण नाही. अशी माती विकून लोकांचे गाल भाजायचे का?"

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने वाद घातला नाही. तिच्याकडे वळून तो एवढंच म्हणाला, "सॉरी. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला." आणि हिरव्या मातीच्या डब्याचं झाकण लावायला लागला.

ती कशीबशी जिना उतरली. खरं सांगावं? सांगितलं तर 'का' हे विचारणारच, आणि त्याचं उत्तर देण्यापेक्षा मेलेलं बरं. खालच्या पायरीवर गिटारवाली कपाळ पुसत उभी होती.

"ऐकलं मी सगळं. हे काही बरोबर नाही," ती म्हणाली. "माझं कपाळ बघ, हिरव्यानेच निम्मं साफ झालंय. मी वर जाऊन भांडते बाईंशी. बिचारा इतका मेहनती आहे! त्याच्यासाठी एवढं तरी केलंच पाहिजे."

त्याच्यासाठी! हिने! आणि मग त्याने कृतज्ञतेने भरलेल्या डोळ्यांनी हिच्याकडे बघायचं? जन्मभर?

"थांब!" चष्मेवाली कडाडली. "त्याला वाचवायचं असेल तर मी वाचवीन. तू मधे पडायचं नाहीस."

आणि गिटारवाली आ वासून बघत असताना ती दडदडा जिना चढून वर गेली.

"बाई, माती चांगली आहे," तिने दारातूनच सांगून टाकलं. "मीच सुकू दिली. डाव्या गालावरची. तडे जाईपर्यंत. मुद्दाम."

त्याच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"मुद्दाम?" बाईंनी चष्मा काढला. "स्वतःचा गाल? का गं?"

झालं. तोच प्रश्न.

"कारण बरं झालं की... हे बघतच नाहीत माझ्याकडे." आता थांबणं शक्य नव्हतं. "तिच्या एकेका पिंपलचं कौतुक! तिला तू, मला तुम्ही! मला म्हणे, बरं होतंय हं, की चालले पुढे. मला नव्हतं व्हायचं बरं. मला शनिवार हवे होते. मला... तुम्ही हवे होतात. तुमची माती चांगली आहे. वाईट मी आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला.

"मी रात्रीची झोप घालवली," तो म्हणाला. "प्रत्येक माती परत चाळली. मला वाटलं, मला हे काम येतच नाही."

"माहीत आहे." ती रडायलाच लागली.

"तुम्हाला नाही माहीत. मी पुढे का जायचो, ते तरी माहीत आहे? बरा झालेला गाल जास्त वेळ बघत बसायला मला कारणच उरायचं नाही! तिच्या कपाळाकडे मी काम म्हणून बघतो. तुमच्याकडे बघताना लेप वाकडा लागतो."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि घसा खाकरला. "हे बघ मुली, चाचणीत खोटेपणा केलास. तुला काढून टाकावं लागणार."

तिने मान खाली घातली.

"बाई," तो म्हणाला, "आपण चाचणीसाठी घरच्यांना घेतो का? जवळच्या माणसांना?"

"छे! जवळची माणसं कधी धड खरं सांगत नाहीत."

"मग माझंही चुकलं. हिला मी बऱ्याच आधी काढायला हवं होतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तिच्याकडे. मग, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच, हसल्या. "बरं. हिच्या गालाचा निकाल रद्द. हिरवं बंद नाही. पण डाव्या गालासाठी आता नवा चेहरा शोध."

"कोणाचा?" चष्मेवालीने झटकन मान वर केली. डोळे अजून ओलेच होते.

"कोणाचाही," तो म्हणाला. "तू सांगशील त्याचा."

"पुरुषाचा शोधा," ती नाक ओढत म्हणाली. "दाढीवाला असला तर उत्तम. आणि लग्न झालेला."

"दाढीवर लेप कसा लावू?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

तो मोठ्याने हसला, आणि बाईंच्या देखत त्याने तिचा हात हातात घेतला.